लहान रेणूंची पोलरायझेबिलिटी प्रकाशाच्या वारंवारतेनुसार कशी काढावी

प्रकाश रेणूवर पडला की त्याचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना मागेपुढे खेचते आणि रेणूत त्याच तालावर डोलणारा एक डायपोल तयार होतो. क्षेत्राच्या मानाने हा डायपोल किती मोठा, ते सांगणारी राशी म्हणजे ध्रुवणक्षमता, रोजच्या बोलण्यात पोलरायझेबिलिटी. वायूचा अपवर्तनांक, रामन वर्णपटातली तीव्रता, दोन रेणूंमधले लंडन आकर्षण या सगळ्यांच्या मुळाशी हीच राशी असते. क्षेत्र स्थिर असेल तर तिचे एक मूल्य, क्षेत्र डोलत असेल तर दुसरे, आणि डोलण्याची वारंवारता रेणूच्या उत्तेजन-ऊर्जेजवळ गेली की तिसरेच काहीतरी.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात जे पहिल्यांदाच हे गणित करायला बसतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हार्ट्री-फॉक, डीएफटी ही नावे ओळखीची आहेत आणि एखादा क्वांटम केमिस्ट्री प्रोग्रॅम संगणकावर चालतो आहे, एवढे धरून चाललो आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर बेतलेला आहे. नवखे लोक वारंवारतेचे गणित कसे करायचे याच्या काळजीत असतात. चूक मात्र होते ती स्थिर मूल्यात. नायट्रोजन घ्या. स्थिर पोलरायझेबिलिटी ११.७४ अॅटॉमिक युनिट, आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, म्हणजे ५८९ नॅनोमीटरला, ती साधारण ११.९२ होते. वाढ दीड टक्का. पाण्यासाठी चुकीचा बेसिस सेट (कक्षक ज्यांच्या बेरजेने लिहिले जातात तो फंक्शन्सचा संच) घेतला तर चाळीस टक्के हातचे जातात. म्हणून आधी स्थिर मूल्य नीट बसवायचे, वारंवारतेला नंतर हात घालायचा.

एकके

प्रोग्रॅम अॅटॉमिक युनिटमध्ये बोलतात, प्रयोगाचे तक्ते घन अँगस्ट्रॉममध्ये, आणि काही पाठ्यपुस्तके एसआयमध्ये. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

– पोलरायझेबिलिटीचे १ अॅटॉमिक युनिट = ०.१४८१८ घन अँगस्ट्रॉम.
– तेच एसआयमध्ये १.६४८८ × १०⁻⁴¹ कूलॉम² मीटर² प्रति ज्यूल.
– वारंवारता हार्ट्रीमध्ये (ऊर्जेचे अॅटॉमिक युनिट) हवी असेल तर ४५.५६३ ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा.

या भागाकाराने १०६४ नॅनोमीटरचे ०.०४२८, ५८९ चे ०.०७७४, ५३२ चे ०.०८५६ आणि ३५५ चे ०.१२८३ हार्ट्री येतात. नेहमी लागणाऱ्या लेझर तरंगलांब्या एवढ्याच. पाण्याची पोलरायझेबिलिटी १.४ आली म्हणून घाबरू नका, ती घन अँगस्ट्रॉममध्ये असेल. पण ती अॅटॉमिक युनिटमध्येच १.४ आली असेल तर तुम्ही चुकून हेलियम चालवला आहे!

भूमिती

लहान रेणूंसाठी प्रयोगातून मिळालेली समतोल भूमिती वापरणे सगळ्यात सोयीचे. पाण्यात ओ–एच अंतर ०.९५७२ अँगस्ट्रॉम आणि कोन १०४.५२ अंश, नायट्रोजनमध्ये बंध १.०९७७ अँगस्ट्रॉम. भूमिती स्वतः काढणार असाल तर ती एका पद्धतीने एकदाच काढा आणि पुढची सगळी गणिते तिच्यावरच करा. प्रत्येक पद्धतीची वेगळी भूमिती घेतलीत तर फरक पद्धतीमुळे पडला की बंध ताणल्यामुळे, हे नंतर उलगडत नाही. बंध लांबला की पोलरायझेबिलिटी सहसा वाढते, हे लक्षात असू द्या.

खरा रेणू समतोल बिंदूवर गोठलेला नसतो, शून्य-बिंदू कंपनात तो सतत हलतो. या कंपनाच्या सरासरीने पाण्याचे मूल्य सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, नायट्रोजनचे एक टक्क्याच्याही आत. प्रयोगाशी तुलना करताना हे विसरले जाते आणि बिचाऱ्या सीसीएसडीला (कपल्ड क्लस्टर ही अचूक पण महाग पद्धत) दोष दिला जातो.

बेसिस सेट: इथे घाई करू नका

पोलरायझेबिलिटी ठरते ती इलेक्ट्रॉन-मेघाच्या बाहेरच्या, सैल भागावर. ऊर्जेसाठी घडवलेले बेसिस सेट केंद्राजवळ दाट आणि बाहेर विरळ असतात. क्षेत्राने मेघ बाहेर ढकलला तरी त्याला जायला जागाच नसेल तर उत्तर लहानच येणार.

पाण्यावर हार्ट्री-फॉक चालवून हे डोळ्यांनी बघा. सीसी-पीव्हीडीझेडमध्ये २४ फंक्शन्स असतात आणि सरासरी पोलरायझेबिलिटी सुमारे ५ येते. रेणूच्या प्रतलाला लंब असलेला घटक तर ३ च्या आसपास अडकतो. डिफ्यूज, म्हणजे केंद्रापासून दूर पसरलेली, फंक्शन्स घातलेल्या ऑग-सीसी-पीव्हीडीझेडमध्ये फंक्शन्स ४१ होतात आणि उत्तर ८ च्या आसपास उडी मारते. ऑग-सीसी-पीव्हीटीझेडला ९२ फंक्शन्स लागतात. तिथून हार्ट्री-फॉकच्या खऱ्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ८.५ पर्यंत, थोडेच अंतर उरते. एक पायरी चढून डी-ऑग-सीसी-पीव्हीटीझेड घेतला, म्हणजे दुहेरी डिफ्यूज फंक्शन्स आणि एकूण १२६, तर उरलेले अंतर जवळजवळ मिटते.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की झेटाची संख्या (डीझेड, टीझेड, क्यूझेड अशी चढती पायरी) वाढवण्यापेक्षा डिफ्यूज फंक्शन्स घालणे जास्त फळते. नुसता सीसी-पीव्हीक्यूझेड घेऊन संगणक घामाघूम करण्यापेक्षा ऑग-सीसी-पीव्हीडीझेड केव्हाही बरा. याच कामासाठी खास घडवलेले सेटही आहेत: सॅडलेचा पीव्हीटीझेड हा जुना आणि काटकसरी, तर रॅपोपोर्ट आणि फुर्खे यांनी २०१० साली दिलेली डेफ२ मालिकेची डी-अक्षरी आवृत्ती, उदाहरणार्थ डेफ२-टीझेडव्हीपीपीडी. मोठा रेणू आणि लहान संगणक अशी स्थिती असेल तर आमची पसंती सॅडलेला.

डिफ्यूज फंक्शन्सचा एक जाच आहे. रेणू मोठा झाला की शेजारच्या अणूंवरची पसरट फंक्शन्स एकमेकांवर इतकी चढतात की ती गणिताच्या दृष्टीने वेगळी राहत नाहीत. प्रोग्रॅम ‘लिनियर डिपेन्डन्स’ची सूचना देतो, एससीएफ (कक्षक स्थिर होईपर्यंतची आवर्तने) हेलकावे खाते किंवा ऊर्जा वेड्यासारखी खाली जाते. ओव्हरलॅप मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये छापून पाहा. १०⁻⁶ च्या खालची काढून टाकायला सांगा. बेन्झीनपासून हा त्रास जाणवू लागतो, पाण्याला आणि नायट्रोजनला नाही. दुहेरी डिफ्यूज सेट म्हणूनच तीन-चार अणूंपर्यंत ठेवावा. मोठ्या रेणूत शेजाऱ्यांची फंक्शन्स तशीही मदतीला येतात.

कोणती पद्धत

हार्ट्री-फॉक कमी सांगते. तिच्यात इलेक्ट्रॉन एकमेकांना नीट टाळत नाहीत आणि उत्तेजन-ऊर्जा जास्त उंच येतात, त्यामुळे मेघ वाजवीपेक्षा ताठ वाटतो. पाण्यासाठी तिचे उत्तर सीसीएसडीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी खाली. एलडीए, डीएफटीचे सगळ्यात साधे फंक्शनल, उलट बाजूला दहा टक्के चुकते आणि साडेदहाच्या आसपास जाते. तिचे पोटेन्शियल रेणूपासून दूर गेल्यावर फार लवकर विरून जाते, म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल धरलेला असतो. शुद्ध जीजीएचीही (घनतेचा चढउतारही लक्षात घेणारी फंक्शनल्स) तीच खोड. हार्ट्री-फॉकचा थोडा अंश मिसळलेली हायब्रिड फंक्शनल्स मधे कुठेतरी बसतात, आणि पीबीई० किंवा कॅम-बी३एलवायपी ही लहान रेणूंसाठी चांगली सुरुवात आहे. हेट आणि हेड-गॉर्डन यांनी २०१८ साली १३२ लहान रेणू घेऊन डीएफटी फंक्शनल्सची स्थिर पोलरायझेबिलिटीवर पारख केली होती. फंक्शनल निवडताना त्यांचे तक्ते उघडून आपल्या जातीचा रेणू त्यात आहे का, ते पाहावे.

लांब संयुग्मी साखळ्यांवर, पॉलिअॅसिटिलीनच्या तुकड्यांवर, एलडीए आणि जीजीए वापरू नका. साखळीच्या दिशेने उत्तर लांबीबरोबर भलतेच फुगत जाते. रेंज-सेपरेटेड फंक्शनल्स तिथे कितीतरी बरी वागतात.

दहा इलेक्ट्रॉनांच्या आसपासच्या रेणूसाठी सीसीएसडी परवडते आणि तीच घ्यावी. पाण्यावर ऑग-सीसी-पीव्हीटीझेडमध्ये सीसीएसडीचे लिनियर रिस्पॉन्स (क्षेत्राला रेणूचा प्रतिसाद थेट काढणारे गणित) साध्या लॅपटॉपवर होते. त्यासाठी पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर रांग लावायची गरज नाही. तिचा खर्च मात्र रेणूच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढतो. आकार दुप्पट झाला की काम चौसष्ट पट. सीसी२ हा त्याहून स्वस्त मधला मार्ग आहे. एमपी२ स्थिर मूल्यासाठी चालते, वारंवारतेसाठी टाळावी: तिच्या अनुनादाच्या (जिथे वारंवारता उत्तेजन-ऊर्जेशी जुळते त्या) जागा हार्ट्री-फॉकच्याच राहतात, म्हणजे उंची सुधारते आणि वळण चुकीचे राहते.

ओझोनसारखा एकाहून अधिक संरचनांचा रेणू किंवा खूप ताणलेला बंध असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवून मल्टिरेफरन्स पद्धतीकडे जावे लागते. तो वेगळा विषय.

गणित चालवणे

डाल्टन, साय४ आणि एनडब्ल्यूकेम हे तीनही प्रोग्रॅम मुक्त आहेत. गॉसियन विकत घ्यावे लागते, पण पुष्कळ विभागांत असते. प्रत्येकात वारंवारता सांगायची रीत निराळी, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

साय४ मध्ये ‘प्रॉपर्टीज’ हे फंक्शन बोलवायचे, पद्धत ‘सीसी२’ किंवा ‘सीसीएसडी’, आणि गुणधर्मांच्या यादीत ‘पोलरायझेबिलिटी’. वारंवारता ‘ओमेगा’ या सेटिंगमध्ये यादी म्हणून द्यायची. यादीत एकच आकडा असेल तर तो अॅटॉमिक युनिटमध्ये धरला जातो; एकाहून जास्त आकडे असतील तर शेवटचा घटक एकक असलाच पाहिजे, उदाहरणार्थ ५८९, ३५५, एनएम. एकट्या ५८९ ला एकक न देणे ही ठरलेली चूक. प्रोग्रॅम ते ५८९ हार्ट्री समजतो, म्हणजे थेट क्ष-किरणांच्या टप्प्यात, आणि उत्तर जवळजवळ शून्य येते. हे रिस्पॉन्स बंद कवचाच्या संदर्भावर, म्हणजे आरएचएफवर चालवा.

डाल्टनमध्ये रिस्पॉन्स विभागात लिनियर, त्याखाली ‘डिपलेन’, आणि मग ‘फ्रिक्वेन्सीज’: पहिल्या ओळीवर किती वारंवारता ते, दुसरीवर हार्ट्रीमधली यादी. शून्य त्या यादीत घालायला विसरू नका, म्हणजे स्थिर मूल्य त्याच फेरीत मिळते. एनडब्ल्यूकेममध्ये ‘रिस्पॉन्स’च्या ओळीत आधी क्रम, म्हणजे १, आणि मग हार्ट्रीमधली वारंवारता. गॉसियनमध्ये ‘पोलर’ बरोबर ‘सीपीएचएफ’ला ‘आरडीफ्रेक’ हा पर्याय द्यायचा आणि भूमितीनंतर एक ओळ रिकामी सोडून वारंवारता लिहायची. आकड्याला एनएम जोडले तर नॅनोमीटर, न जोडले तर हार्ट्री.

नेमकेपणाच्या मर्यादा सढळ ठेवू नका. एससीएफ १०⁻⁸ पर्यंत, रिस्पॉन्सचे अवशेष निदान १०⁻⁵ पर्यंत. डीएफटी असेल तर ग्रिड दाट घ्या, कारण डिफ्यूज फंक्शन्सच्या शेपट्या जाड ग्रिडच्या फटींतून निसटतात. मेटा-जीजीएला हे सगळ्यात जास्त भोवते. ग्रिड एक पायरी वाढवून दुसरा दशांश हलतो का बघा. हलला तर आधीची ग्रिड अपुरी होती.

उत्तर वाचताना

पोलरायझेबिलिटी हा तीन गुणिले तीनचा टेन्सर आहे, आणि प्रोग्रॅम तुमचा रेणू न विचारता फिरवून आपल्या अक्षांवर बसवतो. एका प्रोग्रॅमचा एक्सएक्स घटक दुसऱ्याच्या झेडझेडशी जुळेल, तेव्हा घटकाला घटक लावून तुलना करू नका. न फिरणाऱ्या दोन राशी घ्या. पहिली सरासरी: तीन कर्णघटकांची बेरीज भागिले तीन. दुसरी असमदिशता, टेन्सर कर्णस्वरूपात असेल तर तीन घटकांमधल्या जोडीजोडीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, तिचे निम्मे, आणि त्याचे वर्गमूळ. रेषीय रेणूत हीच राशी अक्षालगतचा घटक वजा लंब घटक एवढी सोपी होते (चिन्ह सोडून). हायड्रोजनच्या रेणूवर १.४ बोर अंतराला अक्षालगत ६.३८ आणि लंब ४.५८ हे घटक येतात, म्हणजे सरासरी ५.१८ आणि असमदिशता १.८०. हात बसवायला हा रेणू छान. दोनच इलेक्ट्रॉन असल्याने सीसीएसडी इथे त्या बेसिसपुरती अचूकच असते.

दोन सापळे. गॉसियन टेन्सर एका ओळीत छापतो तेव्हा क्रम एक्सएक्स, एक्सवाय, वायवाय, एक्सझेड, वायझेड, झेडझेड असा असतो. पहिले तीन आकडे कर्णघटक समजून सरासरी काढली की उत्तर अर्थहीन येते आणि तरी पटण्याजोगे दिसू शकते. दुसरा डाल्टनचा: तो रिस्पॉन्स फंक्शन आधीच उणे चिन्ह लावून छापतो, त्या छापील आकड्याला पुन्हा उणे करू नका.

पडताळा

स्थिर मूल्याची उलटतपासणी फाईनाइट फील्डने होते. एका अक्षावर अधिक आणि उणे ०.००२ अॅटॉमिक युनिटचे क्षेत्र लावून दोन ऊर्जा काढा, तिसरी क्षेत्राशिवाय. दोन्हींच्या बेरजेतून शून्य क्षेत्राच्या ऊर्जेची दुप्पट वजा करा, क्षेत्राच्या वर्गाने भागा, चिन्ह उलटे करा. पोलरायझेबिलिटी ९ असेल तर वरच्या वजाबाकीतून उरणारा फरक जेमतेम ०.०००००९ × ४, म्हणजे ३.६ × १०⁻⁵ हार्ट्री. ऊर्जा १०⁻⁸ पर्यंतच पक्की असेल तर दुसऱ्या दशांशातच डळमळ सुरू होते. यासाठी ऊर्जा १०⁻¹⁰ पर्यंत नेऊन ठेवा, सिमेट्री बंद करा, आणि क्षेत्र ०.०१ च्या वर नेऊ नका. फार मोठ्या क्षेत्रात डिफ्यूज फंक्शन्सचा आधार घेऊन इलेक्ट्रॉन रेणू सोडून पळू पाहतो. ०.००२ आणि ०.००४ अशा दोन क्षेत्रांवर मूल्ये काढून लहान क्षेत्राच्या उत्तराची चौपट वजा मोठ्याचे उत्तर, भागिले तीन, असे केले की वरच्या क्रमाची भेसळही निघून जाते.

हार्ट्री-फॉक आणि डीएफटीमध्ये हे उत्तर रिस्पॉन्सच्या शून्य-वारंवारतेच्या उत्तराशी चार अंकांपर्यंत जुळायलाच हवे. सीसीएसडीमध्ये ते जुळत नाही आणि त्यात चूक कोणाचीच नसते. फाईनाइट फील्डमध्ये कक्षकांनाही क्षेत्राची चाहूल लागते आणि ते बदलतात. सीसीएसडीच्या रिस्पॉन्समध्ये कक्षक मुद्दाम गोठवलेले असतात, नाहीतर वारंवारतेच्या आलेखात हार्ट्री-फॉकचे खोटे अनुनाद डोकावले असते. दोन उत्तरांत थोडासा फरक पडणे अपेक्षित आहे. तो एखाद-दोन टक्क्यांच्या वर गेला तरच शोध सुरू करा.

दुसरा पडताळा थेट प्रयोगाशी. विरळ वायूसाठी अपवर्तनांक वजा १ म्हणजे २ × पाय × रेणूंची घनता × पोलरायझेबिलिटी (आकारमानाच्या एककात). शून्य अंश सेल्सियस आणि एका वातावरणदाबाला एका घनमीटरमध्ये २.६८७ × १०²⁵ रेणू असतात. नायट्रोजनचे ११.९२ अॅटॉमिक युनिट म्हणजे १.७६६ × १०⁻³⁰ घनमीटर. गुणाकार केला की २.९८ × १०⁻⁴, म्हणजे अपवर्तनांक १.०००२९८, आणि नायट्रोजनचा ५८९ नॅनोमीटरला मोजलेला अपवर्तनांक हाच. स्थिर मूल्य ११.७४ घातले असते तर २.९४ × १०⁻⁴ आले असते. तिसऱ्या अंकातला हा फरक म्हणजे वारंवारतेचे सगळे योगदान.

वारंवारता स्वस्तात मिळवणे

अनुनादापासून दूर असताना पोलरायझेबिलिटी वारंवारतेच्या सम घातांची मालिका म्हणून लिहिता येते: स्थिर मूल्य, अधिक एक सहगुणक गुणिले वारंवारतेचा वर्ग, अधिक दुसरा सहगुणक गुणिले चौथा घात, आणि पुढे तसेच. हे कौशी सहगुणक. ते काढायला ०, ०.०५ आणि ०.१० हार्ट्री अशा तीन वारंवारता पुरतात. प्रत्येक मूल्यातून स्थिर मूल्य वजा करा, वारंवारतेच्या वर्गाने भागा, आणि तो आकडा वारंवारतेच्या वर्गासमोर मांडा. रेषा जिथे उभ्या अक्षाला छेदते तो पहिला सहगुणक, तिचा चढ हा दुसरा. नायट्रोजनचा पहिला सहगुणक सुमारे ३० आहे, त्याला ०.०७७४ च्या वर्गाने गुणून बघा, वर दिलेली ०.१८ ची वाढ हातात येते. यानंतर दृश्य प्रकाशातली कोणतीही तरंगलांबी कागदावर काढता येते, नवे गणित चालवावे लागत नाही.

आता खरी काटकसर. डीएफटी किंवा सीसी२ स्थिर मूल्यात चुकतात, पण वारंवारतेबरोबर मूल्य किती पटीने वाढते हे बऱ्यापैकी सांगतात. म्हणून स्थिर मूल्य सीसीएसडीने, मोठ्या बेसिसमध्ये, एकदाच काढा आणि वाढीचे गुणोत्तर स्वस्त पद्धतीकडून उसने घ्या. समजा स्वस्त पद्धत स्थिर १०.०० आणि हव्या त्या तरंगलांबीला १०.२५ देते, आणि सीसीएसडीचे स्थिर मूल्य ९.५० आहे. गुणोत्तर १.०२५, उत्तर ९.७४. गुणोत्तराऐवजी ०.२५ चा फरकच मिळवला तर ९.७५. दोन्ही रीतींनी करून पाहायचे आणि त्यांतले अंतर ही आपली त्रुटीची पट्टी धरायची. अंतर टक्क्याच्या पुढे गेले की उसनवारी थांबवा आणि सीसीएसडीलाच वारंवारता द्या.

एका शॉर्टकटपासून मात्र लांब राहा. टीडीडीएफटीने (काळानुसार बदलणाऱ्या क्षेत्रासाठीची डीएफटी) पहिल्या वीस उत्तेजित अवस्था काढायच्या, प्रत्येकीची ऑसिलेटर स्ट्रेंग्थ (त्या अवस्थेकडे नेणाऱ्या शोषणाची ताकद) उत्तेजन-ऊर्जेच्या वर्गातून वारंवारतेचा वर्ग वजा करून त्याने भागायची, आणि सगळ्यांची बेरीज करायची. सूत्र शंभर टक्के बरोबर आहे, बेरीज अपुरी आहे. हायड्रोजनच्या अणूवर हे लख्ख दिसते. त्याचे अचूक उत्तर ४.५. २पी अवस्थेची ऑसिलेटर स्ट्रेंग्थ ०.४१६२, ऊर्जा ०.३७५ हार्ट्री, म्हणून तिचा वाटा २.९६. बद्ध अवस्था अनंतापर्यंत सगळ्या मिळवल्या तरी बेरीज ३.६६ वर थांबते. उरलेले १९ टक्के आयनीभवनाच्या पलीकडच्या सलग पट्ट्यातून येतात, आणि वीस काय किंवा दोनशे काय, तळच्या अवस्था मोजून तो पट्टा हाती लागत नाही. रेणूंमध्ये त्याचा वाटा बहुधा याहून मोठा असतो. लिनियर रिस्पॉन्स अवस्था मोजतच नाही, एकच समीकरण सोडवून ही सगळी बेरीज एकदम पदरात टाकतो. त्याचा उपयोग आहे तो इथेच.

अनुनाद जवळ आला की

गणित सुरू करण्याआधी त्याच पद्धतीने आणि त्याच बेसिसमध्ये पहिली अनुमत उत्तेजन-ऊर्जा काढून ठेवा. वारंवारता तिच्या निम्म्यावर असेल तर त्या अवस्थेचा वाटा १.३३ पट होतो, नव्वद टक्क्यांवर असेल तर सव्वापाच पट, आणि तंतोतंत तिथे असेल तर अनंत. पाण्यासारख्या रेणूला ३५५ नॅनोमीटर, म्हणजे ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, अजून निम्म्याच्या आत आहे. रंगीत रेणूची गोष्ट वेगळी.

धोक्याच्या खुणा ओळखीच्या आहेत. रिस्पॉन्सची फेरी पन्नासावर गेली तरी अवशेष खाली येत नाही. एखादा कर्णघटक अचानक उणे येतो. किंवा ५ नॅनोमीटर सरकल्यावर मूल्य दुप्पट होते. कर्णघटक उणे आला याचा अर्थ तुम्ही पहिला अनुनाद ओलांडून पलीकडे गेला आहात. शुद्ध जीजीए उत्तेजन-ऊर्जा बऱ्याचदा खाली ओढते, त्यामुळे खऱ्या रेणूत सुरक्षित असलेली तरंगलांबी गणितात अनुनादावर जाऊन बसते. हार्ट्री-फॉकचे उलटे: तिचे अनुनाद दूर असतात आणि वाढ वाजवीपेक्षा मंद दिसते.

अनुनादाच्या आसपासच काम असेल तर डॅम्पिंग असलेला रिस्पॉन्स वापरा. उत्तेजित अवस्थांना आयुष्य मर्यादित आहे असे धरून वारंवारतेत एक छोटा काल्पनिक भाग मिळवतात. डाल्टन आणि एनडब्ल्यूकेम दोन्हींत ही सोय आहे. नेहमीचे डॅम्पिंग १००० प्रतिसेंटिमीटर, म्हणजे ०.००४५६ हार्ट्री. उत्तर संमिश्र येते: खरा भाग अपवर्तनाचा, काल्पनिक भाग शोषणाचा. हा आकडा रेणूने दिलेला नाही, आपण निवडलेला आहे, आणि शिखराची उंची सर्वस्वी त्यावर अवलंबून असते. डॅम्पिंग अर्धे केले की सुटे शिखर दुप्पट उंच होते. म्हणून शिखराची जागा आणि त्याखालचे क्षेत्रफळ यांवर बोला, उंचीवर नको, आणि अहवालात डॅम्पिंगचा आकडा लिहा. वारंवारतांमधले अंतर डॅम्पिंगच्या निम्म्याहून मोठे ठेवले तर शिखर दोन बिंदूंच्या मधून हुकते.

काल्पनिक वारंवारता आणि सी६

दोन रेणूंमधले दूरचे लंडन आकर्षण सी६ सहगुणकाने मोजतात. त्यासाठी दोघांच्या काल्पनिक वारंवारतेवरच्या पोलरायझेबिलिटींचा गुणाकार शून्यापासून अनंतापर्यंत संकलित करून ३ भागिले पायने गुणायचा. नाव भीतीदायक आहे, काम सोपे. काल्पनिक अक्षावर अनुनाद नसतात, मूल्य स्थिर आकड्यापासून सुरू होऊन गुळगुळीत उतरत जाते आणि रिस्पॉन्स कुठेही अडकत नाही.

अनंतापर्यंतचे संकलन मर्यादित पट्ट्यात आणायला वारंवारता = ०.३ × (१ − टी) ÷ (१ + टी) असा बदल करतात. मग टी उणे एक ते अधिक एक यांच्यात राहतो. त्यावर सहा ते बारा बिंदूंचे गॉस-लेजांद्र संकलन पुरते. बदलाबरोबर येणारा ०.६ ÷ (१ + टी)² हा गुणक प्रत्येक बिंदूच्या वजनाला लावायचा असतो. तो विसरला की उत्तर भलतेच येते, आणि कोडमध्ये ही चूक शोधायला वेळ लागतो. म्हणून कोड आधी हेलियमवर चालवा: स्थिर पोलरायझेबिलिटी १.३८३, दोन हेलियम अणूंचा सी६ १.४६१. हार्ट्री-फॉकमध्ये पोलरायझेबिलिटी १.३२२ येते, तेव्हा त्या पातळीवर सी६ही थोडा कमी यायलाच हवा. हेलियम बसला की हायड्रोजनचा रेणू घ्या. तिथे सी६ १२.१ च्या आसपास यायला हवा. पाण्याचा सुमारे ४५, पण तिथे बेसिसची चूक वर्गाने लागते: पोलरायझेबिलिटीतले पाच टक्के सी६ मध्ये जवळजवळ दहा होतात.